काट्यावरची वही

रविवार, ११ जानेवारी २०२६

आज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच फाटकात एका नऊ वर्षांच्या मुलीचा विश्वासघात झाला. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली आणि मोबाईलवर ताडून घेतली. अडतीस वर्षं पोस्टात काढली आहेत. वेळेच्या बाबतीत माझी चूक होत नाही.

मुलगी म्हणजे छकुली, वरच्या मजल्यावरच्या जयवंताची. आज तिचा वाढदिवस. आई बारा वाजता येणार, पळसदेवला नेऊन नावेत बसवणार, तळलेले मासे खायला घालणार, असं ठरलं होतं. पोरगी पिवळा फ्रॉक घालून पावणेबारालाच फाटकात हजर. मी दोनदा आत बोलावलं. म्हणाली, "नको आजी, आईला गाडीवरनं उतराय लागंल. मी फाटक उघडं धरते." साडेचार तास तिने फाटक उघडं धरलं. मग फोन आला की बदली माणूस आलाच नाही, आईला डबल ड्यूटी लागली आहे.

जयवंता कारखान्यात काट्यावर क्लार्क आहे. कारखाना खाजगी, इंदापूरपासून चौदा किलोमीटर. उसाचे ट्रॅक्टर तिच्या खिडकीसमोरच्या लोखंडी पत्र्यावर उभे राहतात, आकडा उमटतो, ती पावती काढून देते. नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे संसार थाटला. गाळप चालू आहे तोवर सुट्टी मागायची नाही असा तिथला कायदा.

मीही एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाले. शाहिदला एकटीने वाढवलं आणि इंदापूरचं पोस्टही चालवलं. पण मी माझ्या मुलाला असं फाटकात कधी उभं केलं नाही.

केलं असेल तर मला आठवत नाही.

सोमवार, १२ जानेवारी

सकाळी सात वाजता जयवंताला जिन्यात गाठलं.

"मॅडम, मला काय हौस हाय का?"

"हौस नसेल, पण मुलगी आहे. तिला वेळ द्यायला हवा."

"कुठनं आणू? तुमच्या पोस्टात मिळायचा का?"

उद्धट. पण उत्तर चांगलं होतं. वर तिने जाहीर करून टाकलं की आजपासून शाळा सुटली की रिक्षावाला छकुलीला कारखान्याच्या गेटवर सोडेल. चार वाजेपर्यंत ती आईजवळ केबिनमध्ये बसेल. "तेवढाच माझा न् तिचा येळ."

उसाच्या पाचटाची धूळ, ट्रॅक्टरवरची कर्कश गाणी, ड्रायव्हरांची भाषा. याला ती वेळ म्हणते! मी मुलीला इथे बसवून शुद्धलेखन घेतलं असतं. फुकट घेतलं असतं.

रविवार, १८ जानेवारी

आज शाळेला सुट्टी, तरी छकुली सकाळपासून काट्यावर. साडेचारला परतली ती नाका-कानांत धूळ घेऊन आणि चेहरा असा, की जत्रेतून आली आहे. मी तोंड धुवायला लावलं, दूध दिलं आणि उलटतपासणी घेतली.

दोघी केबिनमध्ये खेळ खेळतात. ट्रॅक्टर वळणावर दिसला की आकडा उमटायच्या आत वजन ओळखायचं. ट्रेलरात मोळ्यांचे थर किती, ऊस ओला की वाळलेला, टायर किती बसले, यावरून. आधी छकुलीने सांगायचं, मग आईने, मग काट्याकडे बघायचं. हरेल तिने दुसरीला एक गोष्ट सांगायची.

"आणि कोण जिंकतं?"

"आमी दोघी हारतो," छकुली म्हणाली. "म्हणून लई गोष्टी हुतात."

सगळं एका दोनशे पानी वहीत लिहिलेलं आहे. अक्षर बरं आहे. 'ट' सुधारायला हवा. आमच्या पुण्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या की जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. हे एवढं तरी मुलीला आपोआप आलं आहे.

शुक्रवार, २३ जानेवारी

वही नीट तपासली. फार निराशा झाली. नमुन्यादाखल उतरवून ठेवते:

निळा ट्रॅक्टर, दोन ट्रेलर. छकुली २४ टन. आई २४ टन. काटा २२ टन ७००.
लाल ट्रॅक्टर, दोन ट्रेलर. छकुली साडेबावीस. आई साडेबावीस. काटा २१ टन १५०.
मोठा ट्रक. छकुली २६. आई २६. काटा २४ टन ६५०.

पानामागून पान हेच. मुलीचा प्रत्येक अंदाज सव्वा-दीड टनाने जास्त. आईचाही. जयवंताचं सारं बालपण वडलांच्या ट्रॅक्टरवर गेलं म्हणे, आणि गेले तीन महिने ती याच खुर्चीत बसते आहे. तिला अजून अंदाज येत नाही म्हणजे लक्ष नाही. फक्त २० तारखेला दोघींचे सगळे अंदाज किलोत बसावेत इतके बरोबर आहेत. समासात छकुलीने लिहिलंय, 'आज तपासनीस साहेब आले. मला पेढा दिला.' साहेब आले की माणसं नीट काम करतात, हे मी सरकारी नोकरीत जन्मभर पाहिलं आहे.

काट्यावर मात्र माझा विश्वास. पोस्टाच्या काट्यावर मी हजारो पार्सलं मोजली. माणूस हुज्जत घालतो, काटा घालत नाही.

मुलीचे डोळे तपासायला हवेत. आईला कुठे फुरसत? मीच नेईन.

जयवंताच्या खुर्चीत आधी बिरदेव नावाचा मुलगा होता. गेल्या हंगामात कालव्याच्या पुलावर त्याला मागून गाडीने उडवलं. आता बिचारा घरी बसून असतो. छकुलीनेच सांगितलं. हेल्मेट न घालता हिंडतात, दुसरं काय.

मंगळवार, २७ जानेवारी

आज खरोखर संताप आला. जयवंताने मुलीला वहीत लिहायला बंदी केली!

"नुसतं तोंडानं सांगायचं, लिहायचं न्हाय," असं बजावलं म्हणे. छकुली रडवेली होऊन खाली आली. मी विचारायला वर गेले तर बाई भाजी चिरत होती. वर बघितलंसुद्धा नाही.

"मॅडम, ती वही मी चुलीत घालनार हुते. पोरगी रडली म्हनून ऱ्हायली."

"मूल स्वतःहून लिहितंय. आजच्या काळात ही केवढी गोष्ट आहे, कळतं का तुला?"

"मला कळतंय. म्हनूनच म्हनते."

याला काही अर्थ आहे? आपलं अक्षर वाईट, म्हणून मुलीनेही अडाणी राहावं!

वही मी माझ्या कपाटात ठेवली आणि छकुलीला सांगितलं की आकडे लक्षात ठेव, घरी आलीस की इथे बसून लिही. तिची स्मरणशक्ती विलक्षण आहे. मी पट्टीने रकाने आखून दिले: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, तुझा अंदाज, आईचा अंदाज, काटा. गाडीच्या नंबराशिवाय नोंदीला किंमत नसते. खाली सही. आता ती वही वहीसारखी दिसते.

शनिवार, ३१ जानेवारी

छकुलीला घेऊन एसटीने बारामतीला गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, थेंब घातले, परत तपासलं. नजर उत्तम आहे. "आजी, हिला घारीची दृष्टी आहे," म्हणाले. मग अंदाज चुकतात का, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. फी मात्र होती.

परत येताना स्टँडच्या अलीकडे एका धर्मकाट्यापाशी भंगाराचा ट्रक उभा होता. छकुली माझा हात ओढून थांबली. ट्रकभोवती एक फेरी मारली, खाली वाकून टायर बघितले.

"अकरा टन. थोडं कमीच."

काट्यावरच्या माणसाने हसत आकडा वाचला. दहा टन नऊशे वीस.

"कुनाची वो पोरगी? हितं नोकरीला ठिवा!"

पाठोपाठ एक वाळूचा ट्रक आला. तोही तिने दीडशे किलोच्या आत सांगितला. मला अभिमान वाटला आणि मग संताप. माझ्याबरोबर एक दिवस निवांत काढला तर मुलीचं डोकं असं चालतं. तिथे आईजवळ, धुरळ्यात आणि गोंगाटात, एकही आकडा बरोबर येत नाही. मुलाला नुसतं शेजारी बसवून ठेवणं म्हणजे वेळ देणं नव्हे. त्यासाठी मन जागेवर लागतं. याहून वेगळा पुरावा काय हवा?

छकुली बसमध्ये खिडकीतून मागे बघत होती. मग म्हणाली, "आजी, हितला काटा लई हुशार हाय."

मी म्हटलं, काटे सगळे सारखेच. हुशार तू आहेस.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

काल छकुली गुडघा फोडून आली. केबिनच्या बाहेर पडत असताना ट्रॅक्टर मागे आला, ती बाजूला उडी मारताना पडली. गुडघ्याऐवजी दुसरं काही गेलं असतं तर?

बस झालं. दुपारी टेबलाशी बसले. कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना दोन पानी तक्रार लिहिली. मुद्दे असे. एक, आपल्या काटा क्लार्क श्रीमती जयवंता यांना गेल्या अकरा आठवड्यांत एकही साप्ताहिक सुट्टी मिळालेली नाही. दोन, त्यामुळे त्यांची अल्पवयीन मुलगी रोज धोक्याच्या जागी बसून असते. तीन, मुलीच्या शिक्षणावर व आकलनावर विपरीत परिणाम होत आहे. तिच्या वहीतील सर्व अंदाज चुकीचे आहेत. सबब आईस दर रविवारी सुट्टी द्यावी व मुलीस केबिनमध्ये येण्यास प्रतिबंध करावा. मुलगी रोज तिथे असते याचा पुरावा म्हणून वहीच्या अकरा पानांच्या झेरॉक्स प्रती जोडल्या. तारीख, वेळ, गाडी नंबर, सगळं त्यात आहेच.

रजिस्टर पोस्ट नावाची चांगली गोष्ट गेल्या वर्षी स्पीड पोस्टात विलीन केली. कुणाला विचारलं? स्पीड पोस्टाने पाठवलं. काउंटरवरच्या पोरीला माझ्यासमोर दोनदा शिक्का मारायला लावला, कारण पहिला पुसट होता.

जयवंताला सांगितलं नाही. रविवार हातात पडला की आपणच आभार मानायला येईल.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

तीन दिवसांत माणूस घरी! याला म्हणतात व्यवस्थापन.

दुपारी एकच्या सुमाराला पांढरी जीप आली. कुंडलिकराव, कारखान्याचे लेबर ऑफिसर. पांढरे कपडे, हातात पाच किलो साखरेची पिशवी. पिशवी मी परत केली. भेटवस्तू मी नोकरीतही घेतली नाही. ते हसून म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आता कुठं राहिलीत, मॅडम."

माझी तक्रार त्यांनी ओळ न् ओळ वाचली होती. आणि जोडपत्रंसुद्धा! आयुष्यभर मी अर्ज केले, पण जोडपत्र वाचणारा अधिकारी आज पहिल्यांदा भेटला.

"हे गाडी नंबर कुणी लिहायला सांगितले?"

"मी."

"आणि वेळ?"

"तीही मीच. नोंदीला शिस्त हवी."

"व्हय व्हय, शिस्त तर पायजेच. मूळ वही कुठंय? बघायला मिळंल?"

मी दाखवली. त्यांनी अगदी सावकाश पानं उलटली. वीस तारखेच्या पानावर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, वही साहेबांना दाखवून आणतो. मी म्हटलं, लेखी पावती द्या, घेऊन जा. त्यावर ते परत हसले. पावतीची काय घाई, परत येईन, म्हणाले. वही मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. नियम म्हणजे नियम.

"अजून कुणाकडं प्रती?"

"माझ्या फायलीत एक."

"जयवंताबाईंनी बघितलीय तक्रार?"

"तिला यातलं काही माहीत नाही."

मग मुलीची आपुलकीने चौकशी केली. शाळा कोणती, किती वाजता सुटते, रिक्षा कुणाची. मी रिक्षाचा नंबरही सांगितला. त्यांनी तो मोबाईलमध्ये घालून घेतला. कामगाराच्या मुलाबाळांची इतकी काळजी मी कुठे पाहिली नव्हती.

शनिवार, ७ फेब्रुवारी

जयवंता काल कारखान्यातून आली ती थेट माझ्या दारात. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"मॅडम, तुमी कागद पाठवला?"

"पाठवला. तुझ्याच भल्याचा आहे."

"त्याला काय जोडलं?"

"वहीची पानं. अकरा."

"कोनती?"

मी फाईल काढून दाखवली. तिने पहिलं पान बघितलं, माझे आखलेले रकाने बघितले आणि तिथेच पायरीवर बसली. गाडी नंबरांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग विचारलं, "मॅडम, ह्यात काय हाय ते तुमी वाचलं तरी का?"

"शब्दन् शब्द. तुम्हा दोघींचे अंदाज चुकतात."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसली. हसू बरं नव्हतं. "तुमाला तेवढंच म्हाईत हाय ते बरं हाय. कुनीबी इचारलं तर हेच सांगा. अंदाज चुकतात. पोरगी ल्हान हाय, आई येंधळी हाय."

"मी हेच लिहिलं आहे."

"व्हय. देवाची कृपा."

तिच्यावर दोषारोप झाला म्हणून ती दुखावली असणार, असं मी रात्रभर धरून चालले. पण आज सकाळी तिने छकुलीला शाळेत पाठवलं नाही. रिक्षावाला हॉर्न वाजवून निघून गेला.

रविवार, ८ फेब्रुवारी

सुट्टी मिळाली! काल दुपारी कारखान्यातून तिला निरोप आला की रविवारी येऊ नका, मुलीला फिरवून आणा, साहेबांनी सांगितलंय. अकरा आठवड्यांत पहिली. एका स्पीड पोस्टाने मिळाली.

जयवंताला आनंद झालेला दिसला नाही. पण म्हणाली, "पळसदेवला जाऊ. मॅडम, तुमीबी चला." म्हणाली म्हणजे, विनवलं.

धरणाचं पाणी अजून भरपूर आहे, त्यातलं जुनं देऊळ बुडालेलंच. छकुलीला बघायचं होतं. आईने सांगितलं की उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी शिखर दिसतं, मग खांब, मग पायऱ्या. "तवा यू," छकुली म्हणाली. जयवंताने मुलीची वेणी सोडून परत घातली. दिवसभरात तीनदा घातली असेल. नावेत बसल्या, मासे खाल्ले, चपट्या दगडांनी पाण्यावर भाकऱ्या काढल्या. जयवंता मुलीकडे अशी बघत होती की दुसरं काही दिसतच नव्हतं तिला. मनात आलं, हेच तर मी सांगत होते. असा वेळ हवा. लक्ष देऊन दिलेला.

किनाऱ्यावर आमच्या मागे एक पांढरी जीप दिवसभर उभी होती. मासे खायला लांबून लोक येतात हल्ली. आतली माणसं उतरली मात्र नाहीत.

परतताना छकुली रिक्षात झोपली. तेव्हा जयवंता हळूच म्हणाली, "मॅडम, एखाद्या दिवशी मला उशीर झाला, तर हिला कन्हेरीला माझ्या भावाकडं पोचवा. दीपककडं. दुसऱ्या कुनाच्या हातात दिऊ नका. कारखान्याच्या तर न्हायच न्हाय."

"उशीर म्हणजे किती?"

"तुमी घड्याळ बघता की. तुमाला कळंल."

मंगळवार, १० फेब्रुवारी

शाहिदचा फोन. एरवी चार मिनिटं बोलतो. आज मी सगळी हकिगत सांगितली. वाटलं होतं शाबासकी देईल.

"अम्मी, तू त्या पोरीला आईजवळ बसायची बंदी मागितलीस?"

"धोका होता."

"मी कुठं बसायचो?"

मी म्हटलं, घरी. शेजारच्या खाला असायच्या.

"खाला दोन वर्षं होत्या. नंतर चौथीपासून मी पोस्टात, तुझ्या टेबलाखाली. टपालाच्या थैलीवर. तारखेचा शिक्का तू मला मारू द्यायचीस. दुपारी डाक आली की मी गावांची नावं वाचायचो, तू मान हलवायचीस. अम्मी, तू मला घरी कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही मला. पण ते आठवतं."

माझ्या ते लक्षातच नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की त्याला मी वेळ दिला नाही, आणि तो म्हणूनच असा तुटक बोलतो. फोन आज एकतीस मिनिटं चालला.

लगेच टेबलाशी बसले. संचालकांना दुसरं पत्र लिहिलं: माझी तारीख ३ फेब्रुवारीची तक्रार मी मागे घेत आहे, मुलीस आईजवळ बसू द्यावे, जोडलेली अकरा पाने परत पाठवावीत. संध्याकाळी जयवंताला वाचून दाखवलं. तिने माझा हात हातात घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"चांगलं लिवलंय. पन पानं परत येनार न्हाईत, मॅडम."

पत्र उद्या टाकणार. पोस्ट दहाला उघडतं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

पत्र टाकायची वेळच आली नाही.

जयवंता सकाळी सातला गेली. छकुलीला माझ्याकडे सोडलं, शाळा नाही, काटा नाही. जाताना जिन्यातून दोनदा परत आली. एकदा रुमाल विसरला म्हणून, एकदा काही न विसरता.

पावणेअकराला तिचा फोन: "हापिसात मीटिंगला बोलवलंय. कुंडलिकराव न्यायला आलेत." मागून जीपचा हॉर्न वाजत होता. एवढंच. साडेचारला आली नाही. चार पस्तीसला मी फोन केला, बंद. चार चाळीसला कारखान्यात केला. गेटवरचा माणूस म्हणाला, बाई अकरालाच घरी गेल्या. मग तिची स्कूटी? म्हणाला, स्कूटी इथंच आहे.

उशीर म्हणजे किती, हे मला कळलं. चार वाजून पंचेचाळीस मिनिटांनी मी छकुलीला घेऊन निघाले. वही पिशवीत घातली, कारण घरात ठेवावीशी वाटली नाही. आधी पोलीस ठाणं. बेपत्ता झाल्याचा अर्ज दिला, पोच घेतली, वेळेसकट. मग शेजाऱ्यांच्या गाडीने कन्हेरी.

दीपक माझ्या ओळखीचा नाही. चाळिशीचा, स्वतःचा ट्रॅक्टर आहे. मी झालेलं सगळं सांगितलं आणि वही पुढे केली. म्हटलं, यात मुलीचे अंदाज आहेत, चुकीचे, पण सगळे या वहीला असे का बघतात ते मला समजत नाही. त्याने दोन पानं वाचली. तिसरं उलटलं नाही. बायकोला म्हणाला, "दार लाव."

मग तो माझ्याशी पाच मिनिटं हळू आवाजात बोलला. काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. लिहिलेलं कुठे कुठे जातं, हे मला या आठवड्यात शिकायला मिळालं. एवढंच नोंदवते की नऊ वर्षांच्या मुलीचा एकही अंदाज चुकला नव्हता, आणि तो काट्याशी न जुळल्याबद्दल तिला दोष देणारी बाई सहासष्ट वर्षांची, कॉन्व्हेंटात शिकलेली, अडतीस वर्षांच्या नोकरीची आहे.

छकुली दीपकच्या मुलींमध्ये बसून जेवली. मला विचारलं, "आजी, आई हारली का आज? मग ती गोष्ट सांगनार."

मी हो म्हटलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

जयवंताचा पत्ता नाही. पोलीस सकाळी कारखान्यात जाऊन आले. तिथे सांगितलं गेलं की बाईंनी राजीनामा दिला आणि निघून गेल्या. राजीनामा टाइप केलेला आहे. सहीच्या जागी अंगठा आहे. पावत्यांवर रोज शेकडो सह्या करणाऱ्या बाईचा अंगठा!

दीपक म्हणतो, मॅडम आता तुमी काय लिवू नका, वही माझ्याकडं द्या न् घरी गप बसा. वही कुठे आहे ते मी त्यालाही सांगितलेलं नाही. गप्प मी बसणार नाही. मला बोलता येत नाही हे खरं आहे, शाहिदला विचारा. मला लिहिता येतं. पुढील पत्र आज दुपारी बारा वाजता मी स्वतः कारखान्याच्या गेटवर नेऊन दिलं. दीपक ट्रॅक्टर घेऊन बाहेर उभा होता. गेटवाला पोच देईना. मी पत्र्यावरच उभी राहिले, जिथे गाड्या मोजतात तिथे, आणि पोच मिळेपर्यंत हलले नाही. मागे ट्रॅक्टरांची रांग लागली. बावीस मिनिटांनी शिक्का मिळाला. नक्कल खाली उतरवते.

मा. कार्यकारी संचालक यांस,

माझी ३ फेब्रुवारीची तक्रार रद्द समजावी. तिच्यातील प्रत्येक वाक्य माझ्या अज्ञानातून लिहिलेले होते.

आपल्या काटा क्लार्क श्रीमती जयवंता या काल, बुधवार दिनांक ११ फेब्रुवारी रोजी सकाळी पावणेअकरा वाजता आपले अधिकारी श्री. कुंडलिकराव यांच्यासोबत आपल्या जीपमध्ये बसल्या. त्यानंतर त्या कोणालाही दिसलेल्या नाहीत. त्यांची नऊ वर्षांची मुलगी त्यांची वाट पाहत आहे. तिला दुसरे कोणी नाही.

मला राजीनामा नको, खुलासा नको, समक्ष भेट नको आणि साखर नको. श्रीमती जयवंता कुठे आहेत, एवढेच लेखी कळवावे. उत्तर त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात असावे. ते अक्षर त्यांची मुलगी ओळखते, आणि वाचणार तीच आहे.

या पत्राच्या प्रती पोलीस ठाणे, तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि पुण्याची दोन वर्तमानपत्रे यांना आजच्याच टपालाने गेल्या आहेत.

उत्तर उद्या, शुक्रवार दिनांक १३ फेब्रुवारी २०२६ रोजी सकाळी अकरा वाजेपर्यंत माझ्या हातात पडले पाहिजे. मी फाटकाशी उभी असेन.

जरिना बादशाह
निवृत्त पोस्टमास्तर, इंदापूर